बर्गी म्हणजे आम्ही

गणपती गेले की मी दरवर्षी दुसऱ्याच दिवशी एसटी पकडून ठाण्याला परत जातो, यंदा मात्र आण्णांचा गुडघा फारच धरलाय म्हणून म्हाळापर्यंत गावीच थांबलो, लॅपटॉप बरोबर होताच, रेंज आली की पडवीत बसून काम करायचं. त्यातच आईच्या मंगळसूत्राची एक वाटी निखळली, ती घेऊन चिपळूणच्या बाजारात गेलो. सोन्याचं बारीक काम आता आपल्याकडे बरेचसे बंगाली कारागीर करतात, हाही त्यातलाच, बारा-तेरा वर्षं इथे आहे, गाळ्याच्या भिंतीवर २०२१ च्या पुराची रेघ अजून दिसते, वरून रंग मारला तरी ओल येतेच. मागच्या खोलीत त्याची बायको पोरीला झोपवत होती आणि तिच्या गाण्यातला एक शब्द माझ्या कानाला लागला. बोर्गी.

मी सहज विचारलं की हे बोर्गी म्हणजे काय. तो म्हणाला, "पुराना गाना है दादा, बच्चे को सुलाने का." एवढंच. मी परत विचारलं तेव्हा मान खाली घालून वाटीला डाग देता देता त्याने अर्थ सांगितला, की बाळ झोपलं, आळी शांत झाली, देशात बोर्गी आले, धान तर बुलबुलांनी खाल्लं, आता सारा कुठून भरू. मग जरा थांबून, "बोर्गी मतलब इधर के लोग. घोडेवाले. बहुत पुरानी बात है." आणि लगेच पोऱ्याला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला, जणू त्यानेच मला काही लागेल असं बोलून टाकलं होतं.

मला त्या गाण्यापेक्षा त्या चहाने जास्त कसंतरी झालं.

बोर्गी म्हणजे आपला बारगीर. ज्याचा स्वतःचा घोडा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हे आम्ही शाळेत पाठ केलेलं, त्यावर मार्क पण मिळालेत. पण तो शब्द बंगालात जाऊन पोरं झोपवायच्या गाण्यात बसलाय हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे इतिहासाच्या तासाला अटकेपार झेंडे लावले की बाई पण जरा ताठ उभ्या राहायच्या, आणि बंगालच्या स्वाऱ्या म्हणजे एक ओळ, नागपूरकर रघुजी भोसल्यांनी बंगालवर स्वाऱ्या करून चौथाई मिळवली. ती ओळ खोटी नाही, १७५१ च्या तहात ओरिसा आणि वर्षाला १२ लाख रुपये चौथाई ठरली. पण त्या १२ लाखांच्या आधी सुमारे दहा वर्षं तिथल्या गावांचं काय झालं हे त्या ओळीत नाही.

घरी येऊन रात्री जेवढं सापडलं तेवढं वाचत बसलो. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने १७५१ च्या सुमारास लिहिलेलं महाराष्ट्र पुराण नावाचं काव्य आहे, ही माणसं येऊन गेली त्याच्या आसपासच लिहिलेलं. त्यात पळणाऱ्या लोकांची एक यादी आहे. पंडित पोथ्या घेऊन पळतायत, सोनार तराजू घेऊन पळतायत, कुंभार आपलं चाक घेऊन, मच्छीमार जाळी आणि दोर घेऊन. मी ती यादी पडवीत बसून वाचली, खाली खाडीवर कोणाची तरी होडी लागत होती, आणि मला डोळ्यासमोर बंगाल आणता आलाच नाही, आमचीच माणसं दिसली, जाळी खांद्यावर टाकून चढणीने वर पळत जाणारी. पुढचं वर्णन मी इथे सगळं देत नाही, गावं जाळणं आहे, नाक-कान कापणं आहे, बायकांवर केलेले अत्याचार आहेत, पैसे दे म्हणून केलेले हाल आहेत. काव्य आहे म्हणून थोडं वाढवलेलं असेल असं समजा हवं तर. पण इंग्रजांनी कलकत्त्याभोवती १७४२ मध्ये खंदक खणायला घेतला त्याचं नावच मराठा खंदक होतं, तो पुरा झालाही नाही, पण भीती किती होती ते त्यावरून कळतंच की.

आणि त्या काव्यातली जी गोष्ट डोक्यातून जातच नाहीये ती वेगळीच आहे. गंगाराम सुरुवात कशी करतो, तर पृथ्वीला पापाचा भार झाला म्हणून शंकरानेच नंदीला सांगितलं की जा, शाहू राजाकडे जा, माणसं पाठवायला सांग. म्हणजे जे आले ते देवाच्या हुकमाने आले. बाहेरच्याने येऊन घर जाळलं तर त्याला सरळ राक्षस म्हणून मोकळं होता येतं, पण इथे येणारे हरहर महादेव म्हणतायत आणि ज्यांची गावं जळतायत ते पण शंकर-भवानीचीच पूजा करतायत, मग त्या कवीने तरी काय करावं, त्याने देवालाच मध्ये घेतलं. रघुजींचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांनी १७४२ मध्ये तिकडे कटव्याजवळ थाटात दुर्गापूजा मांडली होती, ऐन पूजेत बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने छापा घातला आणि त्यांना पळावं लागलं. काव्यात पुढे देवीच चिडते. बायका मारल्या, ब्राह्मण-वैष्णव मारले म्हणून ती भास्कररामांची बाजू सोडून नवाबाच्या बाजूला जाते. पुजणाऱ्याला सोडून देते. १७४४ मध्ये अलीवर्दीने भेटीला बोलावून त्यांना सरदारांसकट मारलं ते गंगारामाच्या मते देवीनेच करवलं. आपल्या पुस्तकांत तीच घटना अलीवर्दीचा दगा म्हणून येते, आणि तो दगा होताच, तंबूत भेटीला बोलावून मारणं याला दुसरा शब्द नाही. फक्त आपण तिथपासून सुरू करतो.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

परशुराम घाटातलं देऊळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलं असेल, काळ, काम आणि परशुराम अशा तीन मूर्ती, मागे रेणुकामाता. लहानपणी आजी तिथे घेऊन जायची आणि पायऱ्या उतरताना दर वेळी सिद्दी सातची गोष्ट सांगायची. १७२७ मध्ये अंजनवेलीच्या सिद्दी सातने हे देऊळ फोडलं, लुटलं, पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी कोकण सोडून घाटावर धावडशीला गेले, आणि पुढे १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी सिद्दी सातला लढाईत मारलं. घडलेलीच गोष्ट आहे, आणि आजी ती अशी सांगायची की कालच झालीये. मी तिसरीत होतो तेव्हा एकदा ती ऐकून आलो आणि दुसऱ्या दिवसापासून खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातून शाळेत येणाऱ्या माझ्या मित्राशी बोलणं बंद केलं. त्याचे वडील बोटीवर होते, आई घरी भाकऱ्या करायची, त्या घराचा आणि जंजिऱ्याच्या सिद्दीचा काडीचा संबंध नव्हता. तो चार दिवस माझ्या बाकाजवळ येऊन उभा राहायचा आणि परत जायचा. पाचव्या दिवशी मीच बोललो, का बोललो नाही ते त्याने विचारलं नाही आणि मी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

आणि इकडे हा कारागीर, ज्याच्या पोरीला माझ्या माणसांच्या नावाने झोपवतात, तो मला चहा पाजतो.

त्या देवळापासून फार लांब नाही, गणपतीपुळ्याजवळ कोतवडे गाव आहे, पटवर्धन सरदार मूळचे तिथले. त्यांच्यातले परशुरामभाऊ पटवर्धन, नावच या देवाचं, १७९१ मध्ये टिपूवरच्या मोहिमेत कर्नाटकात होते, आणि त्या वेळी मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शंकराचार्यांचा मठ. माणसं मारली, शारदेची मूर्ती जागेवरून हलवली गेली, स्वामींना मठ सोडून जावं लागलं. भाऊंच्या हुकमाने झालं नाही, बरोबरच्या बेशिस्त लोकांनी केलं असं आपल्याकडे सांगतात आणि ते खरंही असेल, पण फौज तर आपलीच होती. मूर्ती परत बसवायला पैसे कोणी दिले तर टिपू सुलतानने. त्याची मठाला लिहिलेली पत्रं १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याला मिळाली, त्यातल्या एकात तो संस्कृत वचन देतो, हसद्भिः क्रियते कर्म रुदद्भिरनुभूयते. हसत हसत करतात आणि रडत रडत भोगतात. हाच टिपू कोडगूत आणि मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांत कसा आठवला जातो ते बघायला गेलं तर अंगावर काटा येतो, त्यामुळे त्याला चांगला ठरवायला मी हे लिहीत नाहीये. मी एवढंच बघतोय की १७२७ चं देऊळ मला आजीने पायरी-पायरीवर सांगितलं आणि १७९१ चा मठ मला चाळिशीत, मोबाईलवर, एकट्याने वाचावा लागला.

मग मी स्वतःला विचारलं की आपला धर्म, आपली रीत, ही आपल्याला असंच आंधळं करते का. इथे माझं मत बदललं, आणि बदललं ते परशुरामामुळेच.

आपण काय सांगतो, परशुरामाने बाण मारला, समुद्र मागे हटला आणि कोकण झालं. शाळेत, देवळात, लग्नाच्या मांडवात सगळीकडे एवढंच. पण त्याला नवी जमीन लागली कशाला? महाभारतात ते स्पष्ट आहे. एकवीस वेळा क्षत्रिय मारले, समंतपंचकात रक्ताचे पाच डोह भरले, आणि त्याच रक्ताने पितरांचं तर्पण केलं. तेव्हा पितर समोर आले. ऋचीक वगैरे, त्याचे स्वतःचे वाडवडील. आणि त्यांनी त्याला थांबवलं. वर माग म्हणाले तर त्याने काय मागितलं, की रागाच्या भरात मी जे केलं त्याच्या पापातून मला सोडवा. पुढे सगळी पृथ्वी कश्यपाला दान केली तर कश्यप म्हणाला आता माझ्या जमिनीवर राहू नकोस, दक्षिणेला समुद्राकडे जा. मग समुद्राने त्याला जागा दिली, शूर्पारक, म्हणजे आपलं सोपारा. आपण ज्या जमिनीवर नारळ-सुपारी लावतो ती त्या गोष्टीप्रमाणे अशा माणसाची जागा आहे ज्याने प्रचंड संहार केला, ज्याला त्याच्याच पितरांनी थांबवलं आणि ज्याला राहायला दुसरीकडे कुठे जागा उरली नव्हती. हे महाभारतातच आहे, कोणी परक्याने लिहिलेलं नाही. आपण फक्त बाण ठेवला आणि बाकीचं सोडून दिलं.

तसंच महाराजांचं. छापून फ्रेम करून लावलेलं पत्र आपण सगळ्यांनी बघितलंय, पण ते लिहिलंय कोणाला हे लक्षात घेत नाही. ते चिपळूणजवळ दळवटण्याला छावणी करून असलेल्या स्वतःच्याच लष्कराला आहे, आमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, नाहीतर कोणी कुणब्याचे दाणे आणेल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी, आणि मग जे कुणबी कसेबसे जीव धरून राहिलेत ते पण जातील, आणि त्यांना वाटेल की मोगल मुलखात आले त्याहूनही अधिक तुम्ही. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर वात नेईल आणि गवताला आग लागेल इथपर्यंत लिहिलंय. स्वतःच्या माणसाला सांगणं की तू मोगलापेक्षा वाईट ठरशील, हे सोपं नाही. त्यांना माहीत होतं की हरहर महादेव म्हणणारा हात पण कुणब्याच्या घरात शिरतो. खाफीखान तर त्यांचा द्वेष करणारा लेखक, त्याने सुद्धा लिहून ठेवलंय की मशीद, कुराण आणि बायका यांना हात लावायचा नाही असा त्यांचा नियम होता. म्हणजे नियम होता, आणि सांगणारा माणूस होता म्हणून तो पाळला जात होता. साठ-सत्तर वर्षांनी तेच घोडे बंगालात गेले तेव्हा तसं पत्र लिहिणारा कोणी नव्हता, चौथाईचा आकडा फक्त होता.

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट समकालीन कागदांत तशी सापडत नाही असं अभ्यासक सांगतात, पण लोकांनी तीनशे वर्षं ती जपली कारण आपण असं असावं असं त्यांना वाटत होतं, आणि मला त्या जपण्याचं मोल वाटतं. सावरकर, जे तेरा वर्षं इथेच रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्यांनी पुढे म्हातारपणी लिहिलेल्या इतिहासात सुभेदाराची सून आणि वसईच्या पोर्तुगीज बायकांना सन्मानाने परत पाठवणं या दोन्हीला सद्गुणविकृती म्हटलं. रत्नागिरीत त्यांनी जातिभेदाविरुद्ध जे केलं त्याबद्दल मला आदर आहे, पण या बाबतीत मी त्यांच्या उलट बाजूला आहे आणि ते मी स्पष्ट सांगतो. ती गोष्ट टाकून दिली तर उरतात ते बारगीर.

जपानचं एक उदाहरण सारखं आठवतंय. तिथे यासुकुनी देवस्थान आहे, युद्धात मेलेल्या २४ लाखांहून जास्त लोकांना तिथे देवपण दिलंय, १९७८ मध्ये त्यात दुसऱ्या महायुद्धाचे १४ मुख्य युद्धगुन्हेगार पण घेतले. चीन-कोरियाचे लोक त्यावर ओरडतायत, आणि पुजारी म्हणतात एकदा आत घेतलेला आत्मा वेगळा काढता येत नाही. हे वाचताना पूर्वी मला राग यायचा. यंदा म्हाळाच्या तयारीला केळीची पानं कापत होतो तेव्हा वाटलं, आम्ही तरी वेगळं काय करतो. मेला की तो पितर, त्याला पान वाढायचं, त्याच्या आवडीची भाजी करायची, कावळ्याची वाट बघायची. त्याने जिवंतपणी काय केलं ते कोण काढणार. आमच्या घरात एक तलवार आहे, खंडेनवमीला आण्णा ती बाहेर काढतात, तेल लावतात, झेंडू वाहतात, हळदकुंकू लावतात. ती कोणावर चालली हे आजवर कोणी विचारलेलं नाही. आमच्यातलं कोणी बंगालात गेलं होतं की नाही याचा एक कागदही घरात नाही.

सर्वपित्रीला भटजीकाका आले. नावं झाली, आजोबा, पणजोबा, आजीकडचे, आत्या, काका. मग त्यांनी आणखी एक पिंड बाजूला ठेवायला सांगितला आणि पाणी सोडताना म्हटलं, येऽबान्धवा बान्धवा वा येऽन्यजन्मनि बान्धवाः. दरवर्षी म्हणत असणार, मीच कधी ऐकलं नव्हतं. जे आपले आहेत ते, जे आपले नाहीत ते, जे दुसऱ्या जन्मी आपले होते ते, सगळे या पाण्याने तृप्त होवोत.

मी मध्येच विचारलं, "काका, हा कोणाचा?"

"हा धर्मपिंड. ज्यांच्या मागे करणारं कोणी उरलं नाही त्यांचा."

"आपल्याच माणसांच्या हातून गेलेले असतील तर?"

त्यांनी पळी ताम्हनात ठेवली. जरा वेळ गेला. "असं वेगळं सांगितलेलं मला तरी आठवत नाही," ते म्हणाले, "पण अबांधव म्हटलंय, त्यात येतात की ते. नाव माहितीये का?"

"नाही."

"मग नुसतं पाणी सोड. नावाशिवायच असतो तो."

जेवणं झाल्यावर आण्णांनी विचारलं की काय रे ते मध्येच काय काढलंस, तेव्हा मी त्यांना पडवीत सगळं सांगितलं, गाणं, सोनारांचे तराजू, देवी बाजू सोडून गेली ते. मला वाटलं चिडतील. ते बराच वेळ गुडघा चोळत बसले आणि म्हणाले, तलवार माझ्या आजोबांच्या आजोबांची, एवढंच मला ठाऊक आहे, त्याच्या पलीकडचं मला पण कोणी सांगितलं नाही. आणि मग, ते गाणं लिहून आण त्याच्याकडून.

परवा वाटी आणायला गेलो तेव्हा कारागिराला तसं सांगितलं. त्याला आधी पटेना, कशाला पाहिजे म्हणाला. मग आत जाऊन बायकोला सांगितलं, तिने बिलाच्या मागच्या बाजूला बंगालीत चार ओळी लिहून दिल्या. मला ती लिपी येत नाही, त्यामुळे त्याने एकेक शब्द वाचून दाखवला आणि मी खाली पेनाने आपल्या अक्षरात लिहून घेतला. कागद आण्णांनी पंचांगात ठेवलाय. खंडेनवमीला तलवार काढू तेव्हा वाचून दाखव म्हणालेत.